विश्लेषण : घरातली जुनी रॉकिंग चेअर विकताय? आधी ती उलटी करून पाहा

खडकीला लागूनच असलेल्या बोपोडीत जुन्या फर्निचरच्या दुकानांत फिरताना एक गोष्ट लक्षात येते. कपाटे, पलंग, आरशाची टेबले दाटीवाटीने उभी असतात आणि रॉकिंग चेअर बहुतेक वेळा कशावर तरी उलटी ठेवलेली असते. सरळ ठेवली तर ती जागा खाते, धक्का लागला की हलते. पण जाणकार गिऱ्हाईकाला नेमकी ती उलटीच पाहायची असते, कारण या खुर्चीची खरी किंमत खालच्या बाजूला दडलेली असते.

जुन्या घराचा पुनर्विकास ठरला किंवा टू बीएचकेमध्ये शिफ्ट व्हायचे झाले की आजोबांच्या खुर्चीचा विषय निघतोच. आमच्या घरी तो निघाला तेव्हा खुर्ची एका बाजूने कुरकुरत होती, वेत फाटला होता. ‘मोडकी आहे’ असे सांगून भंगारवाल्याने ती उचलली आणि आम्हीही हुश्श केले. एक सांधा सुटला होता, एवढेच तिचे दुखणे होते हे मला नंतर कळले. म्हणून हा खटाटोप.

खडकीत या खुर्च्या आल्या कुठून?

५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे आणि इंग्रज यांच्यात खडकीची लढाई झाली आणि त्यानंतर इथे लष्करी छावणी वसली. पुढे बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आले, १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना उभा राहिला. छावणी म्हणजे बंगले, बंगला म्हणजे ओसरीऐवजी व्हरांडा आणि व्हरांडा म्हणजे टेकून बसायच्या खुर्च्या. साहेबाची बदली झाली की सामान सोबत नेण्यापेक्षा विकणे किंवा लिलावात काढणे सोपे असे. छावणीतले फर्निचर त्यामुळे हातोहात फिरत शहरातल्या घरांत पोहोचले.

सतत बदल्या होणाऱ्या या लोकांनी फर्निचरच्या रचनेवरही ठसा उमटवला. रुरकीच्या लष्करी अभियंत्यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘रुरकी चेअर’ सुटी करून गुंडाळता येत असे. तिच्यावरूनच डॅनिश डिझायनर कारे क्लिंट यांनी १९३३ मध्ये आपली प्रसिद्ध ‘सफारी चेअर’ बेतली. रॉकिंग चेअर मात्र अशी घडी घालून नेता येत नाही. ती मुक्कामाची खुर्ची.

मराठी वाड्यात ती फारशी का रुळली नाही? तिथे झोपाळा होता. तुळईला कड्या, पितळी साखळ्या, सागवानी फळी. डुलण्याची हौस तिथेच भागत होती. आता फ्लॅटच्या स्लॅबला हूक ठोकायचा म्हणजे कंत्राटदारापासून सोसायटीपर्यंत सगळ्यांना विचारावे लागते. रॉकिंग चेअरला ना हूक लागतो ना परवानगी. इंटिरियरवाल्यांनी ती पुन्हा हॉलमध्ये आणली, त्यामागे फॅशनइतकेच हेही कारण असावे.

वाकवलेली की कापलेली?

डुलती खुर्ची अठराव्या शतकात अमेरिकेत लोकप्रिय झाली. ती बेंजामिन फ्रँकलिनने शोधली असे इंटरनेटवर सर्रास वाचायला मिळते, त्याला पुरावा नाही. तिचे रूप पालटले ते व्हिएन्नात. मायकेल थोनेट यांनी बीच जातीच्या लाकडाच्या काठ्या वाफेवर मऊ करून वाकवण्याचे तंत्र पक्के केले आणि १८६० मध्ये त्यांची पहिली रॉकिंग चेअर बाजारात आली. लाकूड दाबले गेले तर सहन करते, ताणले गेले की फाटते. थोनेट यांनी वाकवताना बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी आवळून बसवली. ताण पट्टीने घेतला, लाकडाच्या वाट्याला फक्त दाब आला. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात हे उदाहरण कोणी शिकवले असते तर बरे झाले असते! १८६९ मध्ये त्यांच्या खास हक्काची मुदत संपली आणि इतर कारखान्यांनीही तशाच खुर्च्या काढल्या. इराण्याच्या हॉटेलातल्या गोल पाठीच्या खुर्च्या याच घराण्यातल्या.

आपल्याकडच्या सुतारांनी बनवलेल्या साग-शिसवीच्या खुर्च्यांत खालच्या वक्र पट्ट्या, म्हणजे रॉकर, बहुधा फळीतून कापून काढलेले असतात. फरक ओळखायचा तर खुर्ची उलटी करा आणि लाकडाच्या रेषा पाहा. वाकवलेल्या लाकडात रेषा वळणाबरोबर वळतात. कापलेल्या रॉकरमध्ये त्या सरळ जातात आणि टोकाशी वळणाला आडव्या छेदतात. तडा जातो तो नेमका तिथे. कापलेला रॉकर वाईट असतो असे नाही. जाड सागाचा असेल तर पिढ्यान् पिढ्या टिकतो. पण टोकाशी बारीक चीर दिसली तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा.

‘थोनेट’चे नाव सांगून कोणी जास्त पैसे मागत असेल तर बैठकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला छाप किंवा कागदी लेबल शोधा. ते नसेल तर खुर्ची त्या धाटणीची आहे, एवढेच म्हणता येते.

सांधे, वेत आणि पॉलिश

सांधा सुटणे हा सर्वात क्षुल्लक आणि सर्वाधिक गैरसमज करून देणारा दोष. जुन्या खुर्च्या सरस लावून जोडलेल्या असत. सरस वर्षानुवर्षांत कोरडा पडतो, पण तो गरम पाण्याने सुटतो, त्यामुळे चांगला सुतार सांधा पूर्ण उघडून पुन्हा बसवू शकतो. कोणी मधेच खिळा ठोकला असेल तर मात्र लाकूड फाटलेले असते. खिळे दिसले की सावध व्हा. बारीक गोल भोके आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर कीड अजून जिवंत आहे, अशी खुर्ची घरात आणू नका.

बैठकीच्या कडेला ओळीने भोके असतील तर वेत हाताने विणलेला आहे. भोकांऐवजी सलग खाच असेल तर तयार जाळी दाबून बसवलेली आहे. हाताने विणायला वेळ लागतो आणि ते करणारे हात कमी होत चालले आहेत. कार्यालयांतल्या खुर्च्यांचे वेत विणण्याचे काम एकेकाळी अनेक अंध कारागिरांच्या हाताला रोजगार देत होते. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि ते काम आटले. वेत फक्त सैल पडला असेल तर तो बदलू नका. खालून ओल्या फडक्याने भिजवा, सावलीत वाळू द्या, बराचसा ताणला जातो.

आणि कृपा करून पहिल्याच दिवशी सगळे पॉलिश खरवडून चकचकीत मेलामाइन मारू नका. जुन्या खुर्चीचा जुनेपणाच त्यात जातो.

बसल्यावर डोलते कशी?

रॉकर हा एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. त्या वर्तुळाचे केंद्र, बसलेला माणूस आणि खुर्ची यांच्या एकत्रित गुरुत्वमध्याच्या वर असेल तरच खुर्ची मागे जाऊन परत येते. हे अंतर कमी झाले की डुलणे संथ, मोठे आणि बेभरवशाचे होते. म्हणून बैठकीवर जाडजूड गादी टाकू नये, तिने माणूस वर उचलला जातो. झिजलेला रॉकर रंधा मारून सपाट करणे हाही मोठा गुन्हा, त्याने वर्तुळच बदलते. रॉकरची शेपूट पाठीच्या बरीच मागे गेलेली हवी. विकत घेण्याआधी बसून पूर्ण मागे झुका, सोबत कोणी तरी मागे उभे असू द्या. मागची भिंत किती लांब हवी तेही याच वेळी मोजून घ्या.

गुळगुळीत टाइल्सवर खुर्ची डुलता डुलता सरकत जाते. खाली सतरंजी टाकली की प्रश्न मिटतो. घरात रांगते मूल असेल तर ते मोठे होईपर्यंत खुर्ची भिंतीशी पाचर लावून ठेवा. रॉकरखाली बोटे सापडतात.

अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना त्यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हल यांनी पाठदुखीसाठी रॉकिंग चेअर सुचवली होती, हे खरे. पण तोल जाण्याचा किंवा चक्कर येण्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठांसाठी हलत्या खुर्चीतून उठणे जोखमीचे असते. त्यांच्यासाठी साधी आरामखुर्चीच बरी.

मुलाकडे परदेशी पाठवायची असेल तर?

इथे कायदा आडवा येतो. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. खुर्ची त्यात मोडत नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागू शकतो. शिसवीच्या खुर्चीला आणखी एक अट आहे. शिसवाचे संपूर्ण कूळ २०१७ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीत असल्याने परवाना लागतो का, हे सामान बांधण्याआधीच विचारून घ्या. सागवानी खुर्चीला ही दुसरी अडचण येत नाही.