डोक्याचा मार बरा झाला, मग माणूस का बदलला?



ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून पडणे, झाडावरून घसरणे, बैलाची धडक, बाजारातून येताना मोटारसायकल घसरणे. डोक्याला मार लागायची निमित्ते आपल्याकडे बारमाही आहेत. टाके निघतात, माणूस चालू-बोलू लागतो, डॉक्टर घरी सोडतात. खरी अडचण पुढेच सुरू होते. शांत स्वभावाचा कारभारी क्षुल्लक गोष्टीवरून अंगावर धावून येतो. घरच्यांचा चेहरा उतरलेला त्याला उमगत नाही. चारचौघांत काय बोलू नये याचे भान राहत नाही. मग गाव म्हणते, 'माजलाय', नाहीतर 'वेड लागलं'. पण बऱ्याचदा हा त्या माराचाच परिणाम असतो.

विहिरीला पाणी, पण केबल तुटलेली

मेंदू मऊ असतो. जोराचा दणका बसला की तो कवटीच्या आत हिसकतो, पिळला जातो. एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला नेणारे बारीक तंतू त्यात ताणले जातात, काही तुटतात. विहिरीला पाणी आहे, मोटर धड आहे, पण मधली केबल तुटली तर पाणी चढेल का? तसेच हे. समोरच्याचा चेहरा, आवाज आणि प्रसंग यांचा मेळ घालायला मेंदूचे अनेक भाग एकाच वेळी जोडलेले लागतात. म्हणून हातपाय शाबूत राहूनही माणसे समजण्याची ताकद कमी होते. राग आवरणारा कपाळामागचा भाग तर अशा मारात बऱ्याचदा दुखावतो. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे तंतू दिसत नाहीत. तेव्हा 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणजे काहीच झाले नाही, असे समजू नका.

टोमणा कळत नाही

सिडनीच्या स्काय मॅकडोनाल्ड या संशोधक बाईंनी अशा रुग्णांना छोटे प्रसंग चित्रफितीवर दाखवून तपासले. सरळ बोलणे बहुतेकांना कळले, उपरोध मात्र अनेकांना कळला नाही. उशिरा आलेल्याला आपण म्हणतो, 'या, फार लवकर आलात!' असा माणूस ते खरेच धरतो. मध्यम व गंभीर मार लागलेल्यांपैकी ३९ टक्क्यांपर्यंत रुग्णांना चेहऱ्यावरचे भाव ओळखणे जड जाते, असे २०११ च्या एका आढाव्यात दिसले.

अमेरिकेत १८४८ साली फिनिआस गेज या रेल्वेच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण स्वभाव इतका पालटला की जुन्या मालकांनी कामावर घेतले नाही. पुढे चिलीत त्याने काही वर्षे घोडागाडी हाकली. रोजच्या ठरलेल्या कामाने तो सावरला असावा, असे काही अभ्यासक मानतात.

घरच्यांनी काय करावे?

१) मार लागल्यावर उलटी, गुंगी, फिट किंवा वाढती डोकेदुखी दिसली तर १०८ ला फोन करा. थांबू नका.
२) आडून बोलू नका. 'मला वाईट वाटलं' असे सरळ सांगा.
३) एका वेळी एकच काम द्या. दिनक्रम ठरलेला ठेवा.
४) दारू पूर्ण बंद.
५) वाटणी, खरेदीखत, कर्ज यांवर घाईने सही घेऊ नका.
६) देवऋषाकडे वेळ घालवू नका. जिल्हा रुग्णालयात दाखवा. 'टेलि-मानस'च्या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. सुधारणा पहिल्या वर्षात जास्त, पण पुढेही होत राहते.

सरपंच, पोलीस पाटील व तंटामुक्ती समितीच्या सदस्यांना विनंती, की एखाद्याचे भांडण अचानक वाढू लागले तर आधी विचारा, याच्या डोक्याला कधी मार लागला होता का? शेतकरी अपघात योजनेत मृत्यू, डोळा किंवा हातपाय गमावल्यास मदत आहे; स्वभावातला बदल तिथे मोजला जात नाही. म्हणून अशा घराला गावाच्या समजूतदारपणाचाच आधार आहे. आणि हेल्मेट घाला, मडगार्डवर कोणाला बसवू नका. तुटलेली केबल जोडता येते, मेंदूची तशी जोडता येत नाही.