पारधीचा वाटा

मिरग लागला की आपल्याकडे नांगर बाहेर पडतात. पण मिरग म्हणजे काय, हे किती जणांच्या ध्यानात असते? मार्गशीर्ष-पौषाच्या रात्री अंगणात उभे राहून पूर्वेला पाहा. चौकोनातले चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय. मधले ओळीतले तीन तारे हा त्याच्या पोटात शिरलेला बाण. त्या ओळीच्या रोखाने खाली पाहिले की जो लखलखीत तारा दिसतो तो व्याध, म्हणजे शिकारी. ही कथा ऐतरेय ब्राह्मणाइतकी जुनी आहे. ग्रीक लोकांनी गंमत केली. त्यांनी आपल्या हरणालाच शिकारी ठरवले, त्याचे नाव ओरायन ठेवले आणि आपल्या व्याधाला त्याचा कुत्रा केले! रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी वेदांचा काळ ठरवण्यासाठी १८९३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचेही नाव ‘ओरायन’च.

म्हणजे पाहा, ज्या नक्षत्रावर आपण पेरणीचा हिशेब धरतो, त्याच नक्षत्रात एक शिकार चाललेली आहे. आणि ते योग्यच आहे, कारण शेतीच्या आधी शिकार होती. किती आधी? आपल्या जातीचा माणूस पृथ्वीवर येऊन सुमारे तीन लाख वर्षे झाली, आणि शेती सुरू होऊन दहा-बारा हजार. तीन लाख वर्षांचा एक महिना धरला, तर एकोणतीस दिवस माणूस शिकारीवर आणि कंदमुळांवर जगला. नांगर धरला तो तिसाव्या दिवशी!

त्या एकोणतीस दिवसांची खूण आपल्या सड्यावर असावी, असे अभ्यासकांना वाटते. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या कातळावर सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी लहान प्राणी आहेत. उक्षी, बारसू, देवीहसोळ, रुंढे तळी येथेही अशी कातळशिल्पे आहेत. २०२२ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. या चित्रांत हत्ती आहे, वाघ आहे, मासे आहेत, आज कोकणात नसलेला गेंडाही आहे. पण नांगर नाही, शेत नाही. म्हणून ही चित्रे शेती न जाणणाऱ्या, शिकार करणाऱ्या लोकांची असावीत, असा तर्क केला जातो.

आता या शिकारीने माणसाला दिले काय? नुसते मांस म्हणाल तर ते अपुरे उत्तर होईल. पुष्कळ ठिकाणी बायकांनी गोळा केलेल्या कंदमुळांनीच पोट अधिक भरले. शिकारीने शिकवले ते वाटून खाणे. मोठे जनावर एकट्याला मारता येत नाही आणि मारले तरी एकट्याला संपत नाही. मांस तर दोन दिवसांत नासते. मग ते ठेवायचे कुठे? शेजाऱ्याच्या पोटात! आज माझा बाण लागला, उद्या त्याचा लागेल. शेजाऱ्याचे पोट हीच शिकाऱ्याची कणगी.

आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात सान नावाचे लोक राहतात. त्यांच्यात जनावर कोणीही मारो, ते वाटण्याचा मान ज्याचा बाण त्याला मिळे. आणि बाण तर एकमेकांना उसने देण्याची रीत! त्यामुळे उत्तम नेमबाजालाही शिरजोर होता येत नसे. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारा. रान हाकून रानडुक्कर मारले की त्याचे वाटे घालत. बंदूकवाल्याचा वाटा वेगळा, पण हाकेकऱ्यांनाही वाटा असे. रिकाम्या हाताने कोणी परतत नसे.

पण सगळीच शिकार अशी नव्हती, बरे का. हौसेसाठी राजेरजवाड्यांनी आणि साहेबांनी बंदुका चालवल्या, जंगलेही तुटली. १९५२ साली भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर करावे लागले. २०२२ साली तो आफ्रिकेतून आणावा लागला. म्हणूनच १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंधन घातले, आणि ते घालणे भागच होते.

यावर आमचा शेतकरी विचारील, ‘गुरुजी, कायदा खरा, पण एका रात्रीत डुकरांनी भात लोळवला, माकडांनी नारळ पाडले, त्याचे काय?’ प्रश्न रास्त आहे. त्याला उपदेशाने उत्तर देता येणार नाही. नुकसान झाले की लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाईची तरतूद आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या काही जनावरांबाबत अधिकाऱ्याने लेखी परवानगी देण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. ती कामे वेळेवर व्हावीत, असा आग्रह गावाने एकत्र येऊन धरावा.

पण एक गोष्ट करू नये. कुंपणाला तारेची फासकी लावू नये. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकून तडफडल्याच्या बातम्या आपल्याच जिल्ह्यातून येतात. उद्या तीत गावचे वासरू अडकेल. व्याधाने निदान समोर कोण आहे ते पाहून बाण सोडला होता. फासकीला डोळे नसतात. तिच्यात ना शिकाऱ्याचे कसब, ना वाटून खाण्याची रीत.

शिक्षकबंधूंना एक विनंती. पुढच्या हिवाळ्यात मुलांना एका संध्याकाळी सड्यावर न्या. जवळपास कातळशिल्प असेल तर ते दाखवा, आणि अंधार पडला की वर मृग आणि व्याध दाखवा. मग मुलांना एवढेच विचारा, ‘त्या माणसाने शिकार घरी आणली, तेव्हा ती कोणाकोणाला वाटली असेल?’ उत्तरे ती आपापली देतील.