विश्लेषण : कण्याचा बाक सरळ झाला, पुढे काय? स्कोलिओसिसच्या शस्त्रक्रियेनंतर घरच्यांची जबाबदारी कोणती?

पाठीच्या कण्याला आलेला बाक शस्त्रक्रियेने सरळ करण्यास साधारण चार ते सहा तास लागतात. रुग्णालयातील मुक्काम बहुतेक वेळा आठवड्याच्या आत संपतो. त्यानंतर पूर्ण सावरण्यास लागणारे सहा ते बारा महिने मात्र घरात काढायचे असतात. ही शस्त्रक्रिया प्रामुख्याने कुमारवयातील मुलामुलींवर होत असल्याने आई-वडील, आजी-आजोबा आणि भावंडे या काळात नेमके काय करतात, याला मोठे महत्त्व आहे. ‘पाठीचे ऑपरेशन झाले आहे, आता अजिबात हलू द्यायचे नाही’ ही अनेक घरांतील पहिली प्रतिक्रिया असते. वैद्यकशास्त्र मात्र वेगळे सांगते.

स्कोलिओसिस म्हणजे काय?

समोरून किंवा मागून पाहिल्यास निरोगी कणा सरळ रेषेत दिसतो. स्कोलिओसिसमध्ये तो एका बाजूला झुकतो आणि त्याच वेळी मणके स्वतःभोवती थोडे फिरतात. त्यामुळे एक खांदा वर दिसतो, कमरेची एक बाजू जास्त आत जाते, पुढे वाकल्यावर पाठीच्या एका बाजूला उंचवटा दिसतो. एक्स-रेवर या बाकाचे माप ‘कॉब कोना’ने घेतले जाते. हा कोन १० अंश किंवा अधिक असल्यास त्याला स्कोलिओसिस म्हणतात. कुमारवयीनांत साधारण दोन ते तीन टक्के जणांत तो आढळतो. बहुतेकांत त्याचे निश्चित कारण सापडत नाही. दप्तराचे ओझे, पोक काढून बसणे किंवा आई-वडिलांचे दुर्लक्ष यांमुळे हा बाक येत नाही. मोठा बाक मुलींमध्ये अधिक आढळतो. लहान बाकावर केवळ लक्ष ठेवले जाते, मध्यम बाकासाठी वाढीच्या वयात पट्टा म्हणजे ब्रेस दिला जातो. बाक ४५ ते ५० अंशांच्या पुढे गेल्यास तो वाढ थांबल्यानंतरही वाढत राहण्याची शक्यता असते. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार होतो.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात?

सर्वाधिक केल्या जाणाऱ्या पद्धतीत पाठीवर मधोमध उभा छेद घेतला जातो. ठरावीक मणक्यांत स्क्रू बसवून त्यांना दोन धातूच्या सळ्या जोडतात आणि बाक शक्य तितका सरळ करतात. त्यानंतर त्या मणक्यांवर हाडांचे बारीक तुकडे पसरतात. पुढील काही महिन्यांत हे तुकडे आणि मणके एकजीव होऊन सलग हाड तयार होते. यालाच ‘फ्यूजन’ म्हणतात. सळ्या आणि स्क्रू हे हाड जुळेपर्यंतचा आधार असतात. नंतर त्रास नसेल तर ते काढले जात नाहीत. भिंतीला प्लास्टर चढवल्यावर ते वाळेपर्यंत जपावे लागते, तसेच काहीसे येथे आहे. धातूचा आधार पहिल्या दिवसापासून भक्कम असतो, पण हाड जुळण्यास सहा ते बारा महिने लागतात. पथ्ये सांभाळायची ती यासाठी.

पूर्ण विश्रांती का नको?

त्यामागे इतिहास आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी १९५०च्या दशकात कण्याला आधार देणारी धातूची सळई विकसित केली. त्या काळी सळई फक्त दोन टोकांना हूकने अडकवलेली असे. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना अंगभर प्लास्टर घालून कित्येक महिने काढावे लागत आणि त्यातील बराच काळ अंथरुणात जाई. मागच्या पिढीच्या मनात पाठीच्या ऑपरेशनची भीती आहे, तिचे एक कारण हे असावे. आता अनेक मणक्यांत स्क्रू असल्याने आधार कितीतरी पक्का असतो. रुग्णाला सहसा दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्टच्या मदतीने बसवतात, उभे करतात.

पडून राहिल्याचे तोटे अनेक आहेत. फुप्फुसांत कफ साचतो, पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आतड्यांची हालचाल मंदावते, स्नायूंची ताकद झपाट्याने कमी होते. त्यामुळे घरी आल्यावर दिवसातून अनेकदा, थोडे थोडे चालणे हेच सर्वांत महत्त्वाचे औषध ठरते. पहिल्या दिवशी खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत, मग गॅलरीपर्यंत, मग इमारतीच्या आवारात असे अंतर वाढवत न्यावे. घरच्यांनी सोबत चालावे, पण उचलून नेऊ नये. पाण्याचा पेला हातात आणून देण्यापेक्षा तो टेबलवर ठेवून ‘चल, घेऊन येऊ’ म्हणणे अधिक उपयोगाचे.

घरी आणण्यापूर्वी काय तयारी करावी?

जमिनीवरचे अंथरूण काही काळ बंद. गुडघ्याच्या उंचीचा पलंग आणि न खचणारी गादी हवी. भारतीय बैठकीच्या शौचालयात उकिडवे बसणे सुरुवातीला जमत नाही, त्यामुळे कमोड किंवा भाड्याने मिळणारी कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवावी. स्नानासाठी हात टेकता येईल असे स्टूल, न घसरणारी चटई आणि लांब दांड्याचा मग सोयीचा. जेवायला पाटाऐवजी खुर्ची लागेल. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर ठेवाव्यात, म्हणजे वाकावे लागत नाही आणि हात ताणावे लागत नाहीत. कपडे सैल, पुढून बटणे असलेले घ्यावेत. नाडीची सलवार आणि बंदाच्या बुटांपेक्षा इलॅस्टिकची पँट आणि मागे पट्टा असलेली चप्पल बरी. जिने चढायला बहुधा रुग्णालयातच शिकवतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहत असल्यास तसे फिजिओथेरपिस्टला आधीच सांगावे.

उठवावे आणि बसवावे कसे?

पहिल्या काही आठवड्यांत तीन गोष्टी टाळायच्या असतात : कमरेतून वाकणे, वजन उचलणे आणि पाठ पिळवटणे. कूस बदलण्याचीही एक पद्धत आहे. दोन्ही गुडघे दुमडायचे आणि लाकडाचा ओंडका गडगडावा तसे खांदे, कंबर, गुडघे एकाच वेळी वळवायचे. कुशीवर आल्यावर पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी हाताने गादीवर रेटा देऊन उठायचे. झोपताना हेच उलट क्रमाने करायचे. मदत करणाऱ्याने एक हात खांद्यामागे आणि दुसरा कमरेमागे ठेवून फक्त आधार द्यावा. हात धरून ओढणे किंवा काखेत हात घालून उचलणे टाळावे. रात्री कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवल्यास आराम पडतो. ही पद्धत रुग्णालयातून निघण्यापूर्वी घरातील किमान दोघांनी करून पाहावी. रात्री-अपरात्री एकाच व्यक्तीवर भार पडत नाही.

वेदना, औषधे आणि जेवण कसे सांभाळावे?

पहिले दोन आठवडे सर्वांत कठीण असतात. वेदनाशामक औषध ‘अगदीच सहन होईना’ म्हटल्यावर देण्याऐवजी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेवर द्यावे. वेदना एकदा चढली की आटोक्यात आणणे अवघड जाते आणि दुखत असल्यास चालणेही होत नाही. वहीत किंवा मोबाइलवर गोळीचे नाव आणि वेळ लिहून ठेवावी. औषधाच्या दुकानातून परस्पर दुसरी गोळी आणून देऊ नये. पॅरासिटामॉल अनेक गोळ्यांत मिसळलेले असते, त्याचा नकळत दुप्पट डोस जाऊ शकतो. तीव्र औषधे कधी आणि कशी कमी करायची, हेही डॉक्टरांनाच विचारावे.

या औषधांचा हमखास त्रास म्हणजे बद्धकोष्ठता. ‘दोन दिवस खाल्ले कुठे आहे, शौचाला होणार कसे?’ म्हणून सोडून देऊ नये. पुरेसे पाणी, पपई, भिजवलेले मनुके, पालेभाज्या आणि डॉक्टरांनी दिलेले सारक औषध पहिल्या दिवसापासून सुरू असावे. भूक मंदावते, वजनही थोडे उतरते. अशा वेळी ताट भरून आग्रह करण्याऐवजी दर दोन-तीन तासांनी थोडे द्यावे : मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, दही, अंडे, पनीर, नाचणीची पेज. जखम आणि हाड भरून येण्यासाठी प्रथिने लागतात. केवळ पेज आणि फळांच्या रसावर ती मिळत नाहीत.

तेल आणि मालिशीचा मोह मात्र टाळावा. जखमेवर हळद, तेल, घरगुती लेप लावू नये. ‘पाठ मोकळी करण्यासाठी’ मालिशवाल्याकडे किंवा हाडवैद्याकडे नेणे धोक्याचे आहे. ड्रेसिंग कधी बदलायचे आणि जखमेवर पाणी कधी घ्यायचे, हे रुग्णालयाच्या सूचनेनुसारच ठरवावे.

कोणती लक्षणे दिसताच डॉक्टरांना गाठावे?

ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणे, भोवतीची त्वचा लाल व गरम होणे, कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढणे ही संसर्गाची चिन्हे असू शकतात. पायांत नव्याने अशक्तपणा किंवा बधिरपणा येणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे, पोटरी सुजून दुखणे, धाप लागणे किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट पाहू नये. सतत उलट्या, विशेषतः हिरवट, होत असतील तर तेही लगेच कळवावे. छेदाच्या आसपासची त्वचा थोडी बधिर वाटणे मात्र बहुतेकांना जाणवते आणि अनेकदा ते हळूहळू कमी होते.

मन खचते तेव्हा काय करावे?

पाहुणे येऊन गेले, कौतुक झाले की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अनेकांचे मन उतरते. रडू येते, चिडचिड होते, ‘ऑपरेशन केलेच नसते तर बरे झाले असते’ असेही शब्द ऐकू येतात. थकवा, अपुरी झोप आणि औषधांचा परिणाम यांचा त्यात वाटा असतो. ‘एवढा खर्च केला आणि तू रडतेस’ हे वाक्य अशा वेळी सर्वाधिक लागते. ऐकून घेणे आणि कालपेक्षा आज काय जमले ते दाखवून देणे अधिक उपयोगी. दोन-तीन आठवड्यांनंतरही उदासी कमी होत नसेल, जेवण-बोलणे तुटले असेल, तर समुपदेशकाची मदत घ्यावी.

शरीरही बदललेले असते. कणा सरळ झाल्याने उंची एकदम काही सेंटिमीटरने वाढते, जुने कपडे वेगळे बसतात, पाठीवर लांब व्रण असतो. वयात येणाऱ्या मुलीला स्नानाला, कपडे बदलायला दुसऱ्याची मदत घेणे संकोचाचे वाटते. मदत कोणाची हवी, हे तिलाच विचारावे. भेटायला येणाऱ्यांना पाठ उघडी करून व्रण दाखवण्याची सक्ती करू नये. पाहुण्यांची वेळ आणि संख्या ठरवण्याचे काम घरातील एका मोठ्या माणसाने आपल्याकडे घ्यावे. ब्रिटनच्या राजकन्या युजिनी यांच्यावर २००२ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, ही शस्त्रक्रिया झाली होती. २०१८ मध्ये विवाहावेळी त्यांनी व्रण दिसेल असा, पाठीकडे खोल गळ्याचा पोशाख मुद्दाम निवडला. व्रण दाखवायचा की झाकायचा, हा निर्णय ज्याच्या पाठीवर तो आहे त्याचा.

शाळा आणि खेळ कधी सुरू होतात?

अनेक मुले चार ते सहा आठवड्यांत शाळेत जाऊ लागतात, सुरुवातीला अर्धा दिवस. शाळेला डॉक्टरांचे पत्र द्यावे. पुस्तकांचा एक संच शाळेत ठेवणे, दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून फिरण्याची मुभा, मधल्या सुट्टीतील धक्काबुक्कीपासून जपणूक आणि पीटीच्या तासाला सूट या मागण्या करायला संकोचू नये. खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी आणि रिक्षाचा प्रवास काही आठवडे टाळलेला बरा. पोहणे, सायकल यांना साधारण तीन ते सहा महिन्यांनी, तर कबड्डी, फुटबॉलसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांना सहा ते बारा महिन्यांनी परवानगी मिळू शकते. नेमका काळ प्रत्येक रुग्णाचा एक्स-रे पाहून सर्जन ठरवतात. जोडलेला भाग पुढे आयुष्यभर वाकत नाही, पण नितंब आणि गुडघ्यांतून वाकून बहुतेक कामे करता येतात.

लग्न आणि बाळंतपणाचे काय?

मुलीच्या शस्त्रक्रियेनंतर नातेवाइकांकडून हा प्रश्न येतोच, कधी तिच्या समोरच. फ्यूजन झालेल्या स्त्रियांना गर्भधारणा होते आणि नैसर्गिक प्रसूतीही शक्य असते. कण्यात सुई देऊन भूल देणे काही वेळा अवघड जाते, त्यामुळे भूलतज्ज्ञांना शस्त्रक्रियेची कागदपत्रे आधी दाखवावी लागतात. हे उत्तर आई-वडिलांना पाठ असावे. ते ठामपणे दिले गेल्यास मुलीला पुन्हा पुन्हा स्वतःचा बचाव करावा लागत नाही.

काळजी घेणाऱ्याची काळजी कोणी घ्यायची?

बहुतेक घरांत हा भार एकट्या आईवर पडतो. रात्रीची जाग, औषधे, स्वयंपाक आणि नोकरी असेल तर रजेची चिंता. रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. वडिलांनी केवळ बिले आणि फाइल न सांभाळता उठवण्या-बसवण्याची पद्धत शिकावी. लहान भावंडाला औषधांची वही भरणे किंवा सोबत चालणे असे काम दिल्यास त्यालाही वगळल्यासारखे वाटत नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे दाखल होण्यापूर्वीच अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारावे.

पहिल्या महिन्यात घरच्यांची मदत पदोपदी लागते, तिसऱ्या महिन्यात ती बरीच कमी झालेली असते. मात्र तोवर मुलगी स्वतःच्या हाताने कूस बदलते, जिना उतरते आणि ‘मी करते’ म्हणते तेव्हा ‘राहू दे, मी देते’ म्हणून तिला थांबवण्याची सवय घरच्यांनी सोडलेली असावी लागते.