असईनंतरचं लग्न

असईची लढाई आपण शाळेत शिकलो. २३ सप्टेंबर १८०३, दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांच्या फौजा आणि समोर आर्थर वेलस्ली. पुढे अडगाव, गाविलगड. हा माणूस भारतात मुळात का आला, हे मात्र आपल्याला कुणी सांगितलं नाही. त्या गोष्टीची सुरुवात आयर्लंडमधल्या एका फसलेल्या मागणीपासून होते.

वेलस्ली हे मीथ परगण्यातल्या डँगनचे प्रोटेस्टंट जमीनदार. आर्थरचे वडील डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे पहिले संगीत प्राध्यापक. १७८१ साली ते गेले आणि मागे कर्ज राहिलं. आर्थर त्यांच्या धाकट्या मुलांपैकी, व्हायोलिन सुरेख वाजवायचा. शेजारच्या वेस्टमीथमधल्या पॅकनहॅम घराण्यातल्या किटीवर त्याचा जीव जडला. तिच्या भावाने साफ नकार दिला. पैसा नाही, बढतीची खात्री नाही, अशा माणसाला बहीण कोण देणार? १७९३ साली आर्थरने आपली व्हायोलिनं जाळून टाकली आणि सैन्यातच मन घातलं.

१७९७ मध्ये तो कलकत्त्याला उतरला. वर्षभराने थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला, तो बायकोला मागे ठेवून. हिआसिंथ रोलाँ फ्रेंच होती, एके काळची नटी. लग्नाआधीच दोघांना पाच मुलं झाली होती आणि लंडनच्या उच्चभ्रू समाजाने तिला कधी आपलं म्हटलं नाही. भारतात यायला तिने नकार दिला. रिचर्ड परतल्यावर संसार फार टिकला नाही. धाकटा भाऊ हेन्री, त्याची बायको शार्लट १८०९ मध्ये लॉर्ड पॅजेटबरोबर निघून गेली. सहा वर्षांनी वॉटर्लूवर आर्थरच्या घोडदळाचा सेनापती हाच पॅजेट होता, आणि तिथे त्याने पाय गमावला.

आर्थर १८०५ मध्ये परतला, तो सर आर्थर होऊन आणि हाती पैसा घेऊन. दरम्यान किटीचं गॅलब्रेथ लोरी कोलशी लग्न ठरून मोडलं होतं. आर्थरने पत्रातूनच पुन्हा मागणी घातली. 'मी खूप बदलले आहे, आधी एकदा पाहून घ्या,' असं किटीने प्रामाणिकपणे कळवलं. त्याने पाहिलं नाही. १० एप्रिल १८०६ रोजी डब्लिनमध्ये लग्न लागलं, लावणारा भटजी म्हणजे पाद्री असलेला त्याचाच भाऊ जेरल्ड. मग त्याची निराशा झाली, आणि तिचं ओझं पुढची पंचवीस वर्षं किटीने वाहिलं. दिलेला शब्द पाळल्याचं श्रेय त्याला मिळालं. मला हा अन्याय वाटतो. तिने तर आधीच सावध केलं होतं.

१८३१ च्या एप्रिलमध्ये ती लंडनच्या ॲप्स्ली हाउसमध्ये अंथरुणाला खिळली होती. तिने आर्थरच्या, म्हणजे आता ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या नवऱ्याच्या, बाहीत हळूच बोटं सरकवली आणि फार पूर्वी आपण दिलेला ताईत दंडावर आहे का ते चाचपून पाहिलं, असं सांगतात. तो तिथेच होता. इतकी वर्षं तो तिथेच असल्याचं तिला आधी कधीही कळू शकलं असतं. २४ एप्रिलला ती गेली.

डँगनचा आज पडका सांगाडा उरला आहे. पॅकनहॅमांचं घर मात्र अजून त्याच कुटुंबाकडे आहे. वेलिंग्टनचं गाजलेलं चरित्र लिहिणाऱ्या एलिझाबेथ लाँगफर्ड या त्याच पॅकनहॅमांच्या सूनबाई.