ऑक्टोबरमध्येच कापलेली वाट

अलेक्झांडर मॅकेन्झी आणि त्याचे नऊ साथीदार ९ मे १७९३ च्या संध्याकाळी पश्चिम कॅनडातल्या पीस नदीवरून प्रवाहाविरुद्ध निघाले आणि जुलैत पॅसिफिकला पोहोचले. या मोहिमेतल्या धाडसाचं कौतुक होतं, ते रास्तच आहे. पण आधीचे महिने तपासले, तर खरी बाजी ऑक्टोबरमध्येच मारली गेली होती, असं माझं मत आहे. १० ऑक्टोबर १७९२ ला फोर्ट चिपेवायन हे ठाणं सोडून तो तीन आठवडे नदी चढत गेला आणि स्मोकी नदीच्या संगमाजवळ हिवाळ्यापुरता मुक्काम ठोकला. घरांसाठी लाकूड तासायला दोन माणसं त्याने आधीच पुढे धाडली होती. वसंतात चिपेवायनहूनच निघाला असता, तर हेच आठवडे ऐन मोसमातून वजा झाले असते.

पण पाणी उतरेपर्यंत थांबायला काय हरकत होती? डोंगरातलं बर्फ वितळून मे-जूनमध्ये नदी फुगते. वल्ह्यांनी भागत नाही, लांब काठ्यांनी रेटावं लागतं किंवा काठावरून दोराने ओढावं लागतं, आणि पाणी चढलं की पाय ठेवायला काठच उरत नाही. तरीही उशिरा निघणाऱ्याला परतताना नदी गोठलेली मिळण्याची भीती होती. पुराला निदान वळसा घालता येतो. मोहिमेची बर्चच्या सालीची कनू, म्हणजे हलकी होडी, २५ फूट लांब होती, तिच्यात सुमारे ३००० पौंड ओझं मावे, तरी रिकामी झाली की दोन माणसं ती खांद्यावर घेत. पीसच्या घळीत पाणी अडवू लागलं तेव्हा त्यांनी डोंगरावरून रस्ताच तोडला. झाडं अशी पाडली, की ती वाटेच्या कडेने कठड्यासारखी पडावीत. मग बुंध्यांना दोर गुंडाळत कनू वर चढवली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वाट दाखवली ती तिथल्या मूळ रहिवाशांनी, मग श्रेय नियोजनाला का? फिनले आणि पार्सनिप या नद्या जिथे मिळत, तिथे दक्षिणेची शाखा धरायची हे एका वृद्धाने आधीच सांगितलं होतं. पुढे फ्रेझर नदी सोडून पायी जाण्याचा सल्लाही स्थानिकांचाच. हे ऋण निर्विवाद आहे. पण ऐकलेला सल्ला मानून माघारी फिरायलाही हाताशी दिवस लागतात. १३ जूनला खडकांवर आपटून कनूच्या चिंधड्या झाल्या, पुढे ती टाकून नवी बांधावी लागली, फ्रेझरवरून उलटं यावं लागलं. तरी २४ ऑगस्टला मंडळी मुक्कामी परतली होती.

१९६८ मध्ये पीसवर बेनेट धरण उभं राहिलं आणि फिनले-पार्सनिपचा तो संगम विलिस्टन जलाशयाखाली गेला. वसंताचं पाणी आता तिथे अडवलं जातं आणि हिवाळ्यात विजेसाठी सोडलं जातं. धरणाखालच्या पीसवर मे महिन्यात कनू घालणाऱ्याला मॅकेन्झीचं वेळापत्रक जसंच्या तसं वापरता येणार नाही.