सातारा, सांगली आणि दीड

दोनच ठिकाणी दिसू शकणारी एक एसटी समजा: सातारा स्टँड किंवा सांगली स्टँड. (कराडचा थांबा तेवढा विसरा.) साताऱ्याला असली तर अधिक 1 लिहायचं, सांगलीला असली तर उणे 1. नोंदी तीन: सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आता सकाळ-दुपारचा गुणाकार आणि दुपार-संध्याकाळचा गुणाकार यांची बेरीज करा, त्यातून सकाळ-संध्याकाळचा गुणाकार वजा करा. तिन्ही वेळा सातारा असेल तर उत्तर 1. फक्त संध्याकाळी सांगली, तरीही 1. आठही शक्यता तपासून पाहा. 1 येतो, नाहीतर उणे 3. म्हणजे कितीही दिवसांची सरासरी काढली तरी ती 1 च्या वर जाणार नाही.

अँथनी लेगेट आणि अनुपम गर्ग या भौतिकशास्त्रज्ञांनी 1985 साली मांडलेली मर्यादा ती हीच. तिच्या पोटात दोन गृहीतकं आहेत. कुणी पाहो न पाहो, गाडी कोणत्या तरी एका स्टँडवर असतेच. आणि पाहिल्याने तिचा पुढचा प्रवास बदलत नाही.

पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या प्रयोगशाळेत हे तपासलं गेलं. विक्रम आठल्ये, सौम्या सिंघा रॉय आणि टी. एस. महेश यांचा तो शोधनिबंध 2011 चा. गाडीच्या जागी होतं क्लोरोफॉर्मच्या रेणूतलं कार्बन-13 चं अणुकेंद्रक. चुंबकीय क्षेत्रात त्याच्या स्पिनची (अंगभूत फिरकीची) दिशा गोल फिरत राहते. पाहणारा कोण? त्याच रेणूतलं हायड्रोजनचं केंद्रक! 'निरीक्षक' म्हटलं की आपण उगाच जाणीव असलेला माणूस शोधत बसतो.

वेळांच्या प्रत्येक जोडीसाठी मोजणी वेगळी होते. पुंज (क्वांटम) सिद्धांतानुसार दोन नोंदींचा सरासरी गुणाकार मधल्या काळात फिरलेल्या कोनाच्या कोसाइनइतका असतो. दर टप्प्याला 60 अंश घ्या, म्हणजे सकाळ ते संध्याकाळ त्याच्या दुप्पट: अर्धा अधिक अर्धा, वजा उणे अर्धा. दीड! प्रयोगातही 1 ची मर्यादा ओलांडली गेली.

मला त्यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. नोंदींमधला काळ वाढत गेला तसे त्यांच्यातले हे संबंध विरत गेले, आणि तीच केंद्रकं मर्यादेत राहून एसटीसारखी वागू लागली. पुंज आणि रोजचं जग यांतली सीमा इथे वस्तूच्या आकाराने आखलेली नव्हती. आसपासच्या गडबडीला किती वेळ मिळाला, यावर ती ठरत होती.

यातून कोणता अर्थ घ्यायचा? भौतिकशास्त्रज्ञ कार्लो रोव्हेली म्हणतील, स्थिती असते ती कुणाच्या तरी सापेक्षच. शंकेखोर म्हणेल, पाहताना तुम्हीच गाडीला धक्का दिलात. त्याला उत्तर असं: माणूस साताऱ्यालाच उभा करायचा. गाडी दिसलेल्या नोंदी टाकून द्यायच्या, न दिसलेल्याच ठेवायच्या. त्या वेळी ती सांगलीला होती आणि तिला कुणी हात लावला नव्हता. मग माणूस सांगलीला उभा करून पुन्हा तेच. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतल्या गटाने एकेकट्या फोटॉनवर असा प्रयोग केला, 2022 मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि मर्यादा तिथेही मोडली.