इंटर्नशिपचे आठ आठवडे: शेवटच्या दिवशी हातात काय असायला हवं?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

सुट्टी जवळ आली की एकच मेसेज वेगवेगळ्या नावांनी येतो: "दादा, इंटर्नशिप मिळालीय, आता काय करू?" आजचा एपिसोड त्यावरच. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. पण मेकॅनिकल, सिव्हिल, कॉमर्सवाल्यांनो, तुम्हीही ऐका. बरंचसं लागू पडेल.

आधी शेवट बघू. काही महिन्यांनी प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूत समोरचा विचारणार, "इंटर्नशिपमध्ये तू नेमकं काय केलंस?" मी आता टेबलाच्या त्या बाजूलाही बसतो, म्हणून सांगतो. "रिअ‍ॅक्ट शिकलो, टीमवर्क शिकलो" हे उत्तर एका दिवसात इतक्यांदा ऐकू येतं की कुणाचं होतं तेही आठवत नाही. पण कुणी म्हणालं, "ऑर्डर शोधायचं पान फार हळू उघडत होतं. मी कारण शोधलं, डेटाबेसमध्ये इंडेक्स टाकला आणि आधीची-नंतरची वेळ मोजली," की आम्ही सरसावून बसतो. कारण आता पुढचे प्रश्न विचारता येतात.

तर आठ आठवड्यांत दोन गोष्टी कमवायच्या. एक, पूर्ण झालेलं एक काम, मग ते छोटं का असेना. दोन, त्या कामाबद्दल खात्रीने बोलेल असा एक माणूस. बाकी सगळं या दोन गोष्टींसाठी.

जॉईन होण्याआधी

कंपनी तुमच्याकडेच पैसे मागत असेल, म्हणजे रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग चार्ज, सर्टिफिकेट फी वगैरे, तर तो क्लास आहे. क्लास लावायचा तर क्लास म्हणून लावा, त्याला इंटर्नशिप समजून घरच्यांचे पैसे घालवू नका.

ऑफर आली की ईमेलवर तीन गोष्टी विचारा: कोणत्या टीममध्ये काम आहे, मेंटर कोण असेल, स्टायपेंड किती आणि कधी मिळेल. हे विचारणं उद्धटपणा नाही. बाहेरगावाहून येऊन हिंजवडी किंवा खराडीजवळ खोली घ्यायची, मेस लावायची, रोजचा प्रवास करायचा, तर बिनपगारी दोन महिने घरच्यांना जड जाऊ शकतात. हा हिशोब आई-बाबांसमोर आधीच मांडा.

पंतप्रधान इंटर्नशिप योजनेबद्दलही बरेच जण विचारतात. २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ शिक्षण किंवा पूर्णवेळ नोकरी करत नसलेल्या तरुणांसाठी होती. कालावधी १२ महिने, दरमहा ५,००० रुपये. म्हणजे थर्ड इयरच्या सुट्टीतली इंटर्नशिप वेगळी आणि ही योजना वेगळी. नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज करण्याआधी पोर्टलवरचे ताजे नियम स्वतः वाचा.

आणि कुठेच जमलं नाही, तर गूगल समर ऑफ कोड माहीत असू द्या. २००५ पासून चालू आहे. घरून ओपन सोर्स प्रोजेक्टवर काम करायचं, मेंटर मिळतो, स्टायपेंडही मिळतो. फक्त तयारी उन्हाळ्याच्या बरीच आधी सुरू करावी लागते.

पहिला आठवडा

पहिले काही दिवस लॅपटॉप, अ‍ॅक्सेस आणि सेटअप यातच जातात. वैतागू नका, तिथेच एक काम दडलेलं असतं. सेटअपची सूचना लिहिलेली फाईल बहुतेक ठिकाणी जुनी झालेली असते. तिसरी पायरी चालत नाही, पाचवी गायबच आहे. तुम्ही अडकाल तिथे नोंद करा आणि आठवड्याच्या शेवटी ती फाईल दुरुस्त करून पुल रिक्वेस्ट टाका. टीममधल्या जुन्या लोकांना ही चूक दिसत नाही, कारण त्यांचं सेटअप कधीच झालेलं असतं. नव्या माणसालाच ती दिसते. शिवाय कोड रिव्ह्यू, मर्ज हा सगळा प्रवास कमी धोक्याच्या कामावर एकदा करून होतो.

अडकलात तर

मंडळी, हा भाग महत्त्वाचा आहे. आपल्याकडे प्रश्न विचारला की "एवढंही येत नाही का?" ऐकायची सवय असते. म्हणून मुलं दोन-दोन दिवस गप्प बसतात. आठ आठवडे म्हणजे कामाचे जेमतेम ४० दिवस. त्यातले दोन दिवस असेच गेले की दुखतं.

माझा नियम सोपा आहे. अर्धा तास स्वतः प्रयत्न करा, मग विचारा. पण विचारायची पद्धत हवी. "सर, एरर येतोय" या मेसेजवर मेंटर काय करणार? नुसतं "हाय" टाकून उत्तराची वाट बघत बसणं तर त्याहून वाईट. त्याऐवजी असं लिहा:

"अ‍ॅप डॉकरमध्ये चालवतेय, डेटाबेस माझ्या लॅपटॉपवर आहे. अ‍ॅप डेटाबेसला जोडलं जायला हवं होतं, पण लोकलहोस्टच्या ५४३२ पोर्टवर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतंय. पोस्टग्रेस चालू आहे, टर्मिनलवरून थेट कनेक्ट होतंय. पासवर्डही तपासला. आणखी काय बघू?"

यात चार गोष्टी आल्या: काय करत होते, काय व्हायला हवं होतं, काय झालं, काय करून पाहिलं. याला मेंटर चहा पिता पिता उत्तर देऊ शकतो: "कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, तुझा लॅपटॉप नाही." संपलं. आणि गंमत म्हणजे असा मेसेज लिहिता लिहिताच अनेकदा उत्तर सापडतं.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातून आलेल्यांना रोजच्या स्टँड-अप मीटिंगचं टेन्शन येतं. तिथे भाषण नसतं, तीन वाक्यं लागतात: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडकलंय. दहा मिनिटं आधी ती वहीत लिहा आणि बघून वाचा. कुणी हसत नाही. दोन-तीन आठवड्यांत वही न बघता बोलाल.

काम मिळत नसेल तर

हेही होतं. टीम रिलीजच्या गडबडीत असते आणि तुम्ही कोपऱ्यात यूट्यूब बघत बसता. "काही काम आहे का?" असं विचारलं तर "बघतो" एवढंच उत्तर येतं. "बग लिस्टमधले हे दोन जुने बग दिसले, यातला पहिला घेऊ का?" असं विचारा. मेंटरला फक्त 'हो' म्हणायचं असतं, आणि 'हो' म्हणणं सोपं असतं.

एआयबद्दल थोडं

एआय टूल वापरा, पण दोन पथ्यं पाळा. कंपनीचा कोड परवानगीशिवाय स्वतःच्या अकाउंटवरच्या चॅटबॉटमध्ये टाकायचा नाही. तो कोड तुमचा नाही, गोष्ट अंगाशी येऊ शकते. आणि जी ओळ समजावून सांगता येत नाही, ती स्वतःच्या नावाने पाठवायची नाही. रिव्ह्यूमध्ये "हे असं का केलंस?" विचारलं की सगळं उघडं पडतं.

शेवटचे दोन आठवडे

रोज संध्याकाळी तीन ओळींची डायरी लिहीत असाल तर आता ती कामाला येईल. आज काय केलं, काय कळलं, कोणता आकडा बदलला. कोड किंवा गोपनीय माहिती त्यात नको, तुमच्या शब्दांत लिहा. रेझ्युमेची ओळ यातूनच निघते.

नवं काम उचलू नका. हातातलं पूर्ण करा. अर्धवट राहणार असेल तर ते कुठवर आलंय हे एका पानावर लिहून द्या. टीमला दहा मिनिटांचा डेमो द्या. मग मेंटरला सरळ विचारा, "पुढे कुणी माझ्या कामाबद्दल विचारलं तर तुमचं नाव देऊ का?" प्री-प्लेसमेंट ऑफरची शक्यता आहे का, तेही विचारा. नाही म्हणाले तरी काही बिघडत नाही. तारखा असलेलं सर्टिफिकेट आणि कॉलेजचे सही-शिक्क्याचे कागद मात्र शेवटच्या दिवसावर ढकलू नका, एचआर नेमका त्याच दिवशी सुट्टीवर असतो!

तर ज्यांची इंटर्नशिप पुढच्या महिन्यात सुरू होतेय, त्यांनी आजच एक ईमेल टाका: "माझे मेंटर कोण असतील आणि मी आधी काय वाचून येऊ?" उत्तर आलं की पुढची तयारी तिथूनच सुरू करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!